माळावरचा खोटारडा पायमोजा

"सर, एक मिनिट ऐका ना! तो पायमोजा खोटं बोलतोय!"

"यशोधरा, शूटिंग चाललंय. बाजूला हो बरं!" मोबाइलमधून डोकं वर न काढता समर्थ सर म्हणाले.

यशोधराने कपाळावर हात मारला. मघापासून हेच! बाजूला हो, नंतर सांग, मध्ये येऊ नकोस!

समर्थ सर म्हणजे कान्हे गावाजवळच्या माळावरच्या फ्लाइंग क्लबचे मॅनेजर. क्लब कसला, गवताची एक धावपट्टी, पत्र्याची शेड आणि दोन माणसांचं चिमुकलं विमान! पट्टीच्या कडेला उंच खांबावर नारिंगी कापडाची लांब नळी होती. वारा जिकडे वाहील, तिकडे तिचं शेपूट. वैमानिक आकाशातून तिच्याकडे बघून वारा ओळखत. मुलं तिला पायमोजा म्हणायची.

पण आज तो पायमोजा फडफडतच नव्हता! कामशेतच्या दिशेला शेपूट करून, इस्त्री केल्यासारखा ताठ!

"आणि माझी टोपी बघ कुठे चाललीये!" असं ओरडत यशोधराचा मामेभाऊ प्रज्ञेश टोपीमागे धावला. तो सुट्टीसाठी पिंपरीहून आला होता. टोपी गेली थेट उलटीकडे, वडगावच्या बाजूला!

"ताई, तारंनं बांधलंय त्याला!" शेजारच्या शेतातली पिंकी डोळ्यांवर हात धरून म्हणाली. "ती बघ, चमकतीय!"

खरंच! कापडात जाड तार घालून ती खांबाला आवळली होती.

"सर, पायमोजा कोणी बांधला?" यशोधराने पुन्हा गाठलंच त्यांना.

"मीच सांगितलं बांधायला. सारखा लोंबत होता, त्यावरचं क्लबचं नाव वाचता येईना. जाहिरातीत नाव नको दिसायला?"

"अहो, पण इन्ग्रिड मावशी वर आहेत!"

इन्ग्रिड मावशी नॉर्वेहून सुट्टीवर आल्या होत्या आणि यशोधराच्या घरीच उतरल्या होत्या. तिकडे त्या स्वतःचं छोटं विमान डोंगरांमधून उडवायच्या. सह्याद्री वरून बघायचा म्हणून त्या इथे आल्या होत्या. आज सकाळी क्लबचे वैमानिक आकाश सर शेजारी बसले आणि दोघं लोहगड, पवनेचं धरण, कुरवंड्याचा नागफणी सुळका बघायला उडाले. काल रात्री जेवताना मावशींनी मुलांना सोप्या इंग्रजीत समजावलं होतं, की विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरवायचं. वारा पाठीमागून असला, तर ते लवकर थांबत नाही.

"सकाळी वारा कामशेतकडे होता, सर. आता फिरलाय! पायमोजा बघून त्या कामशेतकडून उतरतील आणि वारा त्यांना मागून ढकलेल. आणि पट्टीच्या वडगावकडच्या टोकाला दगडाची खाण आहे!"

"आकाशला कळतं सगळं."

"कसं कळेल? तुमचा पायमोजा बघूनच ना! रेडिओवरून तरी सांगा!"

"रेडिओ शूटिंगच्या सामानात गेलाय. टेम्पो लोणावळ्याहून आला की..."

"मग शिडी द्या, आम्ही तार सोडतो."

"शिडीपण टेम्पोतच आहे."

"सगळं टेम्पोतच कसं हो, सर?" प्रज्ञेश वैतागून ओरडला.

"आवाज नको! शूटिंग चाललंय!"

यशोधराच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. मोठ्या माणसांना ऐकू येण्याचं यंत्रच नसतं का? तिने माळावर नजर फिरवली. कडेला आंब्याखाली पिंकीचे आजोबा, गेणूआबा, एकटेच धुसफुसत बसले होते. त्यांच्या शेतात राब रचून तयार होता. भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजायला शेणकूट, पाला, गवत यांचा थर घालतात, तो.

"धूर!" यशोधरा किंचाळली. "आबा, राब पेटवा!"

"आगं, सकाळधरनं तेच म्हंतोय! पर ह्यो मॅनेजर, धूर व्हिडिओत येतोय म्हनं! माझ्याच वावरात मला काडी लावू देईना!"

"आबा, वरनं इमान येतंय. त्यास्नी वारा उलटाच दिसतोय!" पिंकीने त्यांचा हात ओढला.

आबांनी पायमोज्याकडे बघितलं, मग पायाखालची माती चिमटीतून सोडली. ती उडाली वडगावकडे. आबा ताडकन उठले.

"आरं तिच्या! कडंनं माती वढलीया, पान्याचं पिंप भरल्यालं हाय. म्या काडी लावतो. तुमी लांब ऱ्हावा आन् पिंपात गवत भिजवून आना!"

काडी लागली. समर्थ सरांना वास आला आणि ते हात हलवत धावत निघाले. "विझवा! आधी विझवा ते!"

आता? प्रज्ञेश त्यांना आडवा गेला. "सर! फोटोत क्लबचं नाव उलटं आलंय!"

"काय? कुठे?" सर जागच्या जागी थांबले आणि मोबाइलमध्ये फोटो मोठा करकरून बघू लागले.

मुलींनी ओल्या गवताचे भारे आणले, आबांनी ते राबावर लोटले. पांढरा दाट धूर उठला आणि आडवा होऊन धावपट्टीच्या कडेने वडगावकडे पळू लागला. त्याच क्षणी कामशेतकडून घरघर आली. विमान खाली उतरत होतं, अगदी चुकीच्या बाजूने!

"बघा ना, मावशी! धूर बघा!" यशोधरा जिवाच्या आकांताने ओरडली. विमान आणखी खाली आलं. चाकं गवताला टेकणार, तोच इंजिन गरजलं! विमान पट्टीवरून सुसाट गेलं, खाणीवरून वर चढलं, मोठं वळण घेऊन वडगावकडून परतलं आणि वाऱ्याकडे तोंड करून अलगद टेकलं. अर्ध्या पट्टीतच थांबलं!



आकाश सर उतरले ते खांबावरची तार बघून थेट समर्थ सरांवर ओरडले! "पायमोजा बांधलास? विमान हवेत असताना? धूर दिसला नसता तर आम्ही दोघं खाणीत असतो!"

समर्थ सरांनी खांबाकडे बघितलं. "मला वाटलं... फक्त शूटिंगपुरतं..."

इन्ग्रिड मावशींनी मुलांना जवळ घेतलं. मग त्यांनी आबांचे काजळलेले हात हातात घेतले.

"माजं काय न्हाई, बाई," आबा लाजून म्हणाले. "ह्या पोरांनी वळखलं. लय हुशार हायेत!"

"खरंच शाब्बास, मुलांनो!" समर्थ सर कसंबसं म्हणाले.

"शाब्बास नको, सर," यशोधरा म्हणाली. तिचा आवाज अजून चिडका होता. "पुढच्या वेळी कोणी सांगायला आलं, तर आधी मोबाइल खाली ठेवा."

ती काय म्हणाली, ते आकाश सरांनी इंग्रजीत सांगितलं. इन्ग्रिड मावशी गंभीरपणे मान हलवत म्हणाल्या, "आमच्या विमानतळावर हाच पहिला नियम आहे. धोका दिसला की कोणीही बोलायचं आणि सगळ्यांनी थांबून ऐकायचं."

समर्थ सरांनी मोबाइल खिशात घातला, यशोधरासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बोल. अजून काय काय चुकतंय इथे?"

यशोधराने मोठा श्वास घेतला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं!