सोमारीचा हात

अश्वजित, तू मला सलाईन लाव. तुझे हात चालू देत, मी सांगते. तसंही तुला निदान करता येणार नाहीये, मलाही आलं नव्हतं.

आज दुपारी मी वॉर्डातल्या कूलरमध्ये पाणी ओतत होते. माझ्याशिवाय ते काम इथे कुणाला आठवतच नाही. तेवढ्यात सोमारीला जीपमधून खाटेसकट आणलं. विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडणारी, धडधाकट बाई. नवरा, पत्रू, तिचा हात धरून होता.

बाहेर अंगाची लाही होत होती आणि तिचा हात माठासारखा गार. नाडी लागेना. बीपी मशीन नुसतं गुरगुरत राहिलं. तिचं नख दाबून सोडलं, तर ते पांढरंच राहिलं, रक्त परत येईना. दुसऱ्या हाताची मूठ मात्र अर्धवट मिटलेली... जणू कुणाचा तरी हात धरलाय.

"साप चावला? ताप होता? रक्त गेलं?"

"काहीच नाई, डॉक्टरबाई. काल जंगलात हिच्या मावशीले चक्कर आली. हिचा हात धरूनच मावशीचा जीव गेला... तवापासून ही अशीच गार."

कारण कळलं नाही तरी थांबून चालत नाही, तुला ठाऊक आहे. रंजीता सिस्टरनं ऑक्सिजन लावला. मला शीर शोधायची होती आणि पत्रू हात सोडेना.

"आमच्या गावच्या टोल्यावर बिमार माणसाचा हात मोकळा सोडत नाई, बाई. दुसऱ्यानं धरला का मंगच सोडाचा."

"द्या इकडे, पत्रूभाऊ. मी धरते," मी वैतागून म्हणाले.

त्यानं हात दिला आणि थेट दाराशी जाऊन उभा राहिला. रडत होता, पण जवळ येईना.

एकामागून एक सलाईन जोरात सोडल्या. सोनोग्राफीत पोटात रक्त नाही, हृदयाभोवती पाणी नाही. अँटिबायोटिक दिलं, बीपी वाढवायचं औषध चालू केलं. चंद्रपूरला न्यायची गाडी वाटेत होती. जे जे करायचं ते सगळं केलं रे! आणि ती माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी करीन म्हणून. मला इतकं हतबल कधीच वाटलं नव्हतं.

"बाई," ती कुजबुजली, "मावशीले सांगा ना... हात सोड म्हणा..."

तेवढंच बोलली आणि गेली. माझ्या हातात तिची बोटं होती. ती सैल झाली नाहीत, मला एकेक करून सोडवावी लागली.

मी भुताखेतांना मानत नाही, आताही मानत नाही. पण दिवेलागणीपासून मला थंडी वाजतेय. हे बघ माझं नख. दाब. सोड. दिसलं?

माझा हात धरून बस, असं तुला म्हणावंसं वाटतंय. फार वाटतंय. पण सलाईन लागली की लांब हो.

रंजीता, तू तिकडे औषधाच्या कपाटापाशीच आहेस ना? आणि अश्वजित, तुझे दोन्ही हात माझ्या डाव्या हाताशी आहेत...

मग माझ्या उजव्या हाताची मूठ कुणी मिटलीय?