दाराची खूण

सूर्य मावळला की उंचावरची हवा झपाट्याने निवते आणि आभाळात लाटा उठतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण आमच्या केंद्रातल्या दाबमापकाची सुई थरथरते आणि सरकत्या कागदावर नागमोडी रेघ उमटते. एकवीस वर्षं मी ती रेघ जपतोय. "समुद्र सोडून आभाळातल्या लाटा मोजणारा नवरा माझ्याच नशिबी," असं बायको चारचौघांत सांगायची.

यंत्र भलतंच हळवं. खोलीचं दार उघडलं की रेघेला खाली खाच पडते, बंद केलं की वर. बायको नेमकी सूर्यास्ताला चहाचा थर्मास घेऊन यायची. मी दोन्ही खाचांपाशी पेन्सिलीने 'दार' लिहायचो आणि तिच्यावर करवादायचो.

त्या संध्याकाळी मी आतून कडी लावली. तिने तीनदा दार वाजवलं.

"अहो, उघडा ना. बरं वाटत नाहीये मला."

रेघ सुरेख चालली होती. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता. आत कुणी नाही असं तिला वाटावं म्हणून मी श्वास रोखून बसलो. दार उघडलं तेव्हा ती पायरीवर भिंतीला टेकून बसली होती, थर्मास मांडीत. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळायला हवं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, मला ऐकूच आलं नाही.

पंधरवड्याने कामावर आलो. कडी लावलेली असताना सूर्यास्ताला रेघेला खाच पडली. खाली. दुसऱ्या दिवशीही पडली. मग रोजच. वरची खाच मात्र एकदाही नाही.

साहेबांनी कागद चाळले. "संध्याकाळी कोण येतं तुमच्याकडे?"

"कुणी नाही."

"मग दाराच्या फटी बुजवून घ्या. आकडे नासताहेत."

मी मान डोलावली, पण हात धजेना. अख्खा दिवस मी त्या एका खाचेसाठी ढकलत होतो. ती पडली की खोलीत पोरासारखा रडायचो.

शेवटी एका संध्याकाळी राहवलं नाही. खाच पडली तसा मी रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "मला ऐकू आलं होतं गं. मी आतच होतो."

सुई बराच वेळ थरथरली.

मग रेघेला वर खाच पडली.

मी धडपडत उठलो. आतली कडी काढली, दार ओढलं.

बाहेरून कडी होती.

मी तीनदा वाजवलं. पलीकडे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

"अगं, उघड ना."

तो श्वास थांबला.