इनान्नाच्या जागी

मंगळाच्या पोटातल्या त्या वसाहतीत एका वेळी तीनशे चाळीस माणसे जागी राहू शकत. हवा बनवणाऱ्या यंत्राची ताकदच तेवढी होती. उरलेली माणसे पेट्यांमध्ये शीतनिद्रेत असत, म्हणजे शरीर थंड करून श्वास जवळजवळ थांबवणाऱ्या झोपेत. ही झोप सहा वर्षे सोसते. पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. म्हणून शाल्मलीला आज उठवले होते.

"पायांना मुंग्या आल्यात?" डॉ. नाडकर्णींनी विचारले.

"येऊ देत. आधी सांगा, माझ्या पेटीशी रांगेने येऊन रडणारी माणसं कोण?"

"तुम्हालाही ऐकू येत होतं तर."

"सहा वर्षं. कंटाळले मी."

म्हाताऱ्या डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतले. शीतनिद्रेत सगळे शरीर झोपते, पण कान झोपत नाहीत, हे शाल्मली झोपल्यानंतर दुसऱ्या वर्षी कळले होते. त्याच वर्षी उठणाऱ्यांसाठी एक नवा नियमही झाला होता.

"सुमेरची जुनी कथा आहे," ते म्हणाले. "इनान्ना नावाची देवी पाताळात उतरली. परत निघाली, तेव्हा पाताळाने अट घातली: जायचं तर बदली माणूस दे. वसुलीला राक्षस बरोबर दिले. ते खात नाहीत, पीत नाहीत, लाच घेत नाहीत."

"आपल्या हवायंत्रासारखे."

"तसेच. जे तिच्यासाठी मळक्या कपड्यांत रडत होते, त्यांना तिनं सोडलं. घरी आली तर नवरा नटूनथटून सिंहासनावर बसलेला. तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आधी आम्ही चिठ्ठ्या टाकायचो. मारामाऱ्या झाल्या. मग पंचांनी ठरवलं, उठणाऱ्यानंच आपल्या जागी झोपायला नात्यातलं, आठ वर्षांवरचं एक नाव द्यायचं. म्हणजे भांडण घरातल्या घरात राहतं. आणि ही कथा तर पोरासोरांना पाठ. शाळेत मीच सांगायचो."

"मीच परत झोपले तर?"

"तुमचं शरीर आता सोसणार नाही. संध्याकाळपर्यंत नाव हवं."

पेटीशी रडणाऱ्यांच्या विनवण्यांतून नियम तिला अर्धामुर्धा कळला होता, आणि नाव तिने तिसऱ्या वर्षीच ठरवले होते. धाकटा दीर दर आठवड्याला येऊन रडून जाई. नवऱ्याचा, अनिरुद्धचा, आवाज मात्र तिने एकदाही ऐकला नव्हता.

तो आत आला. दाढी पिकली होती. मागे त्यांची नऊ वर्षांची लेक इरा दाराला धरून उभी राहिली.

"एकदाही आला नाहीस."

"नाही आलो."

"का?"

"एकदा रांगेत उभा राहिलो होतो. पुढचा माणूस हुंदके देता देता घड्याळ बघत होता. मग परत फिरलो. शालू, मी काहीही बोललो असतो तरी तुला वाटलं असतं, नाव चुकवायलाच बोलतोय."

हेही घोकून आणलेले असेल, असे तिच्या मनात येऊन गेले. झोपलेल्यांना काय ऐकायला आवडेल, ते बोलायला इथला प्रत्येक जण शिकला होता. पण लाज वाटली की त्याचे कान लाल होत, तसे ते आत्ताही झाले होते. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. नाव दिराचे द्यायचे, असे तिने तिथल्या तिथे ठरवले. तो बिचारा एवढा रडला होता, तरीही.

"इरा, इकडे ये गं," तिने हात पसरले.

इरा आली नाही. दारातच गुडघे टेकून तिने तोंडावर हात घेतले. दोन हुंदके, एक श्वास, पुन्हा दोन हुंदके. वसाहतीतली सगळी मुले असेच रडायला शिकत. डॉक्टरांनी मान फिरवली.

"आई, मला रोज यायचं होतं. बाबांनीच येऊ दिलं नाही." बोटांच्या फटीतून दिसणारे तिचे डोळे कोरडे होते, आणि भेदरलेले होते. "माझं नाव नको घेऊ. बाबांचं घे."

शाल्मलीचे हात तसेच पुढे राहिले. तिने अजून कोणाचेच नाव घेतले नव्हते. अनिरुद्धने एकदा लेकीकडे पाहिले, मग तो शाल्मलीच्या रिकाम्या पेटीशी जमिनीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.