बोटभर जिना

“आप्पा म्हणतात, जिना मीच मोडला,” दिग्दर्शिका म्हणाली. “मला पटत नाही. पण निर्मात्याला आज नाव कळवायचंय. आप्पांचं कळवलं, तर तीस वर्षांचं काम त्यांच्या हातून जाईल.”

भाऊजी मागे उभे होते. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून त्यांची गुप्तहेर मेहुणी त्यांना प्रत्येक कामावर ओढून न्यायची.

टेबलावर गुडघ्याएवढं दुमजली घर होतं. समोर भिंत नव्हती, कॅमेरा होता. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची; असा सिनेमा बनत होता. अकरा दिवसांत ती सात पायऱ्या चढली होती. दोन उरल्या होत्या.

“सकाळी मागच्या बाजूनं धूळ झटकताना जिना डुगडुगला. बघते तर मोडून चिकटवलेला. आता तो बाहुली पेलायचा नाही. सगळं पहिल्यापासून.”

“किल्ल्या कोणाकडे?”

“माझ्याकडे, आप्पांकडे आणि त्यांच्या मुलाकडे. घर आप्पांनी बांधलं, बाहुली मुलगा हलवतो.”

भाऊजींनी कॅमेऱ्याजवळून वाकून पाहिलं. “इथून तर सगळं ठाकठीक आहे.”

“आता मागून बघा, भाऊजी.”

मागून वेगळीच तऱ्हा होती. बाकाचे मागचे पाय अधांतरी, खाली कागदाच्या घडीचा टेकू. कपाट भिंतीपासून सुटलेलं. जिन्यालगतच्या खिडकीची काच पांढुरकी पडलेली.

आप्पा शेजारच्या खोलीत नखाएवढी खुर्ची घासत होते.

“मोडला मी. झटपट गोंदानं चिकटवला. लिहून घ्या.”

“का मोडलात?”

“म्हातारचळ लागला.”

भाऊजींना राहवेना. “आप्पा, एवढ्याशा काचा इतक्या लख्ख कशा हो ठेवता?”

आप्पांचा चेहरा उजळला. “खिडक्या बसल्या की झटपट गोंद घराजवळ फिरकू द्यायचा नाही. वाफेनं काच आंधळी होते. लाकडाचा गोंद लावायचा आणि दिवसभर दाबून ठेवायचं.” मग ते एकदम पुन्हा खुर्ची घासू लागले.

मुलगा कॉम्प्युटरसमोर होता, डोळे लालभडक.

“वडिलांनी सांगितलंय ना? मग मला कशाला विचारता?”

“पडद्यावर दोन-दोन बाहुल्या कशा?” भाऊजींनी विचारलं.

“पुसट आहे तो शेवटचा फोटो. त्यावर आत्ताचं चित्र जुळवायचं. सगळं तंतोतंत बसलं पाहिजे.”

“दिग्दर्शिकाबाईही जुळवतात?” मेहुणी म्हणाली.

“ताई? त्यांना हा चालू कुठून करायचा तेही माहीत नाही!” तो हसला आणि हसता हसता त्याला जांभई आली.

मेहुणीनं सगळ्यांना घरासमोर बोलावलं.

“आप्पा, तुमच्या घरात अधांतरी पाय असलेला बाक चालतो?”

“माझ्या घरात?” आप्पा उसळले, मग वरमले. “घाईत राहिलं असेल.”

“घाई नव्हती. समोरून सगळं केसभरही न चुकता बसवलंय. मागून मात्र टेकू. म्हणजे हे घर ज्यानं परत मांडलं, त्यानं कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच पाहिलं. पडद्यावरच्या पुसट फोटोवर एकेक वस्तू जुळवली. तुम्ही बांधणारे, तुमची नजर मागे आधी गेली असती. आणि खिडकीजवळ झटपट गोंद तुम्ही मेलात तरी लावला नसता. ताईंना तो पडदा चालू करता येत नाही. राहिलं कोण?”

“पण आप्पांना कसं कळलं?” भाऊजींनी विचारलं.

“काच पाहताक्षणी, भाऊजी. आपला गोंद नाही, म्हणजे पोराचाच, हे बापाला कळलं.”

“माझे हात तसेही आता थरथरतात,” आप्पा पुटपुटले. “त्याला अजून चाळीस वर्षं काम करायचंय.”

दिग्दर्शिकेनं फोन हातात घेतला. “मग कोणाचं नाव कळवू?”

“माझं,” मुलगा म्हणाला. “उभ्या उभ्या डोळा लागला, ताई. घरावरच पडलो. सांगायचं धाडस झालं नाही. आणि आप्पा बोलले तेव्हा... मी बोलू दिलं.”

आप्पा त्याच्याजवळ गेले. ओरडतील असं भाऊजींना वाटलं.

“किती दिवस झोपला नाहीस रे?”

मुलानं बोटं मोजायला घेतली. चौथ्या बोटावर त्याचा हिशेब चुकला आणि तो तिथंच फरशीवर बसून रडू लागला.