पाच बोटांची हळद

पांढराशुभ्र शर्ट घालून कर्जतजवळच्या कोंडाणे गावात हळदीला येणारा माणूस एकतर बाहेरगावचा असतो, नाहीतर वेडा. केयूर बाहेरगावचा होता. वेडाही आहे की काय, हे कळायला ऋतिकाला पुढे तीन आठवडे लागले.

हळद तिच्या चुलतभावाची, संतोषची होती. मे महिन्यातली संध्याकाळ, अंगणात डीजे, आणि ओंजळभर हळद घेऊन ऋतिका संतोषच्या मागे धावत होती. संतोष ऐन वेळी खाली वाकला... आणि तिचा हात जाऊन आदळला त्याच्या खालापूरच्या ऑफिसातल्या मित्राच्या छातीवर! पाचही बोटं स्पष्ट उमटली.

“नवऱ्याची उष्टी हळद लागली रं तुला, आता तुजाच नंबर!” सोनाबाई काकी ओरडल्या आणि अख्खा मांडव हसला.

केयूर लाजून नळाकडे पळाला. साबण लावून खसाखसा घासू लागला, तर डाग लालभडक झाला.

“अहो... हे रक्त आलं की काय?”

ऋतिकाला हसू आवरेना. ती मोहोपाड्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला होती. “साबणानं लाल होतेच हळद. लिंबू पिळा, परत पिवळी होईल.”

“पण जात का नाही? एवढं पाणी ओतलं!”

“पाण्याचे कण एकमेकांचे हात धरून असतात,” ती म्हणाली. “मीठ, साखर आली की त्यांनाही तो हात धरता येतो, म्हणून ती विरघळतात. हळदीच्या रंगाला तो नीट धरताच येत नाय. त्याचं जमतं तेलाशी. सारखं सारख्यात मिसळतं.”

“मग आता मी काय करू?”

“उन्हात घाला. चार दिवस कडक ऊन लागलं की आपोआप उडेल डाग.”

तो मान हलवत होता खरा, पण बघत होता तिच्या पिवळ्या बोटांकडे.

सोमवारी सकाळी तो कर्जतच्या एसटी स्टँडवर दिसला. तिची गाडी मोहोपाड्याची, त्याची खालापूरची. मधे जेमतेम दहा मिनिटं. पण त्या दहा मिनिटांत तो रोज एक प्रश्न घेऊन यायचा. “कापूर का नाही हो विरघळत?”... “गूळ गरम पाण्यात लवकर कसा विरघळतो?”... कापरासाठी कुणी इतकं व्याकुळ होत नाही, हे ऋतिकाला कळत होतं. तिलाही आता घरून एक टमटम आधी निघावंसं वाटायचं. वाफ्यांवरून येणारं वारं, स्टँडवरचा चहाचा वास, त्याचं ते मान तिरपी करून ऐकणं... तिचा जीव जडला होता, आणि ते तिनं स्वतःशी कबूल केलं होतं.

फक्त घरी परतताना तिचंच वाक्य तिला टोचायचं. सारखं सारख्यात. त्याचं घर कर्जत गावातलं, वकील-मास्तरांचं. तिच्या घरी भाताची लावणी आणि म्हशींचं शेण. शिवाय प्रश्नांपलीकडे तो कधी काही बोलला होता का?

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी तो आला तो करवंदांचा द्रोण घेऊन. प्रश्न नव्हता.

“माझी बदली झाली. दापोलीला. सोमवारी हजर व्हायचंय.”

“अच्छा,” ऋतिका म्हणाली. मोहोपाड्याची गाडी लागली, ड्रायव्हर चढला. आता नाही विचारलं तर कधीच नाही... आणि सरळ विचारायचं धाडस होईना.

“तुमचा तो शर्ट...” ती म्हणाली. “गेला का डाग?”

“नाही.”

“असं कसं? उन्हात घातलात ना?”

“घातलाच नाही.”

“का?”

केयूर द्रोणाकडे बघत राहिला. “ऊन लागलं की उडतो, म्हणालीस ना... म्हणून कपाटात ठेवलाय. आईच्या जुन्या शालीत गुंडाळून.”

ती ‘म्हणालीस’ ऐकतच राहिली.

“काल आईला सापडला,” तो म्हणाला. “विचारलं, कुणाची रे ही बोटं? मी सांगून टाकलं... सगळं. कोंडाण्याची, संतोषची बहीण. तर म्हणते, तिकडे जायच्या आधी घरी घेऊन ये तिला.”

“मी... आमी शेतकरी माणसं, केयूर. सारखं सारख्यात—”

“ते हळदीचं झालं.” त्यानं द्रोण बाकावर ठेवला. “मिठाचंही सांगितलं होतंस. हात धरता आला की तेही पाण्यात विरघळतं म्हणून.” आणि त्यानं हात पुढे केला.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. ऋतिकानं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं आपला हात त्याच्या हातात दिला.

“चीक लागलाय हाताला, करवंदांचा,” तो पुटपुटला. “तुझा हात चिकट होईल गं.”

“होऊ दे,” ऋतिका म्हणाली. “तो पाण्यानं जात नाय.”