बांधलेल्या कळ्या

बस रं सूरज. तुमीबी बसा पोरांनो. ही माज्या सख्ख्या भाचीची, संयोगिताची गोष्ट हाय. दोन वर्सांमागची, सर्वपित्री आवसंची रात.

आटपाडीच्या अलीकडं जे गायरान हाय, तिथं कुठल्या फुलावर कुठली माशी बसती, ह्याचा ती अभ्यास करायची. दरसाल पाऊस सरत आला की म्हैनाभर मुक्काम. तरवडाच्या, त्या पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या, कळ्यांवर बारीक जाळीच्या पिशव्या बांधायची. आत माशी शिरली न्हाई तर शेंग धरती का, एवढंच बघायचं हुतं. पर पिशव्या टिकतील तर! सकाळी जावं तर सगळ्या सुटलेल्या. फाटलेल्या न्हाईत हं... गाठी सोडलेल्या. दोन हंगाम असेच वाया गेले. तिसराबी चालला हुता. पोरगी पार वैतागली.

मेंढरं राखणाऱ्या कृष्णातवर उसळली. "तुमी सोडताय, न्हाईतर तुमची पोरं!"

"आवं ताई, आमी त्या अंगाला मेंढरंच घालत न्हाई."

"का?"

कृष्णातनं मेंढरं वळवली. काठी उचलून चालाय लागला.

मग तिनं ठरवलं, आज सोताच राखण करायची. जीप सडकंला लावली. डायवर हंबीरराव गाडीत, ही तरवडात. जेवणवखत टळली. वारा पडला.

एक बाई आली. डोक्यावर पदर. उकिडवी बसून एकेक गाठ सोडाय लागली.

ही तिथवर पोचस्तवर बाई शेवटच्या झुडपापाशी आलेली. हिचं डोस्कं फिरलं. "आवं, काय करताय? तीन वर्सं घातलीत मी हितं!"

बाईनं वर बघितलं न्हाई.

"मी तुमच्याशी बोलतीया!"

"गुदमारतंय गं त्ये..."

"काय गुदमारतंय? फुलं हायती ती!"

बाई थांबली. "एवढी एकच ऱ्हायली. माज्यानं सुटंना. तू सोड."

हिनं बॅटरी मारली.

पिशवी फुगली. बसली. परत फुगली...

वारा न्हवता, पोरांनो.

बॅटरी बाईकडं वळवली. बाई... न्हाई.

पिशवी फुगत हुती. बसत हुती. हिनं गाठीला हात घातला. हिचीच गाठ. नखानं उकरली. सुटंना. दातानं वढली. सुटंना...

पिशवी बसली.

परत फुगली न्हाई.

...

हंबीरराव सांगतो, ती सडकंला आली तवा फांदी मोडून, पिशवीसकट छातीशी धरून आणलेली.

संयोगिता आता मेढ्याकडच्या डोंगरात जाती. कळ्या बांधत न्हाई. नुसती बसून बघती.

ती पिशवी दुसऱ्या दिवशी मी उघडली. ह्या हातानं. गाठ घट्ट हुती, कातरच लावावी लागली. तरवडाच्या फुलातली पिवळी पूड माशी आल्याबिगर भायेर पडत न्हाई, आसं तीच सांगती. आन् माशी तर आत गेलीच न्हवती.

पर कापडाला... आतल्या बाजूनं... पिवळी बोटं उमटलेली.

येवढी येवढी. तान्ह्या लेकराची.