बिनआवाजाचा कॉम्प्युटर

"वरच्या फळीवरच्या कॉम्प्युटरचा तो मधला पंखा... फार दिवसांचा सोबती नाही बघा."

टेबलाखाली वायरी गुंडाळत बसलेल्या तिनं डोकं वर काढलं. दुकानाच्या दारात एक उंच तरुण उभा होता. खांद्याला चामड्याची पिशवी, मान एका बाजूला कललेली.

"आपण कोण? पंख्यांचे डॉक्टर?"

"नाही हो. पियानो सुरात लावतो. रस्त्यानं चाललो होतो, तर हा रडताना ऐकू आला. राहवलं नाही... माफ करा हं." आणि गेलासुद्धा.

तिला हसू आवरेना. मामाच्या या दुकानात गेमिंगचे कॉम्प्युटर तीच जोडायची. तिच्या हातचं एकही मशीन आजवर तक्रार घेऊन परत आलं नव्हतं, आणि हा वाटसरू तिला शिकवणार! पण आठवड्याच्या आत मधला पंखा करकरला आणि थांबला. तिचं हसू कुठल्या कुठे पळालं.

मग एका संध्याकाळी तोच पुन्हा दारात.

"मला एक कॉम्प्युटर हवाय. तुमच्याकडचा सगळ्यात तगडा. पण त्याचा आवाज यायला नको."

"म्हणजे हत्ती हवा, पण मांजराच्या पावलांनी चालणारा!"

"अगदी बरोबर. दिवसभर लोकांच्या बेसूर तारा ऐकतो मी. संध्याकाळी वाटतं, गेममधल्या समुद्रात होडी सोडावी आणि नुसतं पाणी ऐकत बसावं. पण माझा लॅपटॉप मिक्सरसारखा कोकलतो."

ती एकेक पंखा चालू करी आणि तो डोळे मिटून ऐके. "हा नको, नाकात बोलतो." "हा गोड आहे, पण लवकर दमेल." आजवर ती पंखे खोक्यावरचे आकडे वाचून निवडत आली होती. आता तिलाही ऐकू यायला लागलं — घरचा फ्रिज, जिन्यातला दिवा, लिफ्टची तार. एवढं सगळं आपल्याभोवती रोज वाजत होतं, आणि आपल्याला पत्ताच नव्हता! ती थक्क झाली होती.

थक्क तोही व्हायचा. ग्राफिक्स कार्ड त्यानं दोन्ही हातांवर असं घेतलं, जणू कुणी तान्हं मूल दिलंय. प्रोसेसर पाहून तर त्याचा आवाजच खाली आला.

"या एवढ्याशा तुकड्यात अख्खा समुद्र मावतो?"

"लाटांसकट."

"आणि तापला तर?"

"स्वतःला आवरतो. हळू चालतो, पण जाळून घेत नाही."

"शहाणा आहे," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "माणसांना कुठे जमतं..."

ती उगाचच स्क्रू शोधायला लागली.

मामानं त्याचं नाव ठेवलं कानसेन. कानसेन रोज यायचा, रोज काहीतरी पसंत करून जायचा, आणि पसंतीच्या प्रत्येक वस्तूबरोबर ती उरलेल्या वस्तू मोजायची. सगळं जमलं की कॉम्प्युटर घरी जाणार. मग हा कशाला येतोय इकडे? एकदा तिनं कॉम्प्युटरचं चांगलं कॅबिनेट उगाच नापसंत केलं, दुसरं मागवू म्हणाली. मामानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

शेवटी जोडणीचा दिवस आलाच. तो समोर हनुवटीला हात लावून बसला. तिनं प्रोसेसरवर पेस्ट लावली, त्याला थंड ठेवणारा कूलर उचलला... आणि नेमकी त्याच वेळी नजरानजर झाली. कूलर बसला, स्क्रू आवळले, मशीन सुरू झालं.

स्क्रीनवर समुद्र उगवला. उजाडायच्या आधीचा, करडा, क्षितिजापर्यंत. एकेका लाटेच्या अंगावर उजेड थरथरत होता, पाण्याखालून माशांचे थवे सरकत होते. मामाच्या हातातला चहासुद्धा तसाच राहिला.

आणि मग... घर्रर्र! पंखे एकदम चढले, लाटा अडखळू लागल्या.

"अगं, कॉम्प्युटर आहे की विमान?" मामा ओरडला.

तिनं झटकन बटण बंद केलं, कूलर काढला, आणि तिचे कान लाल झाले. कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म तशीच चिकटलेली होती. बसवण्याआधी ती काढायची असते, नाहीतर प्रोसेसर तापतो. नवशिक्यालाही पहिल्या दिवशी शिकवतात ते!

"सॉरी... माझं लक्ष नव्हतं."

"माहितीये," तो हळूच म्हणाला. "तुम्ही बाकीच्यांचे कॉम्प्युटर जोडताना ती ओढता ना, तेव्हा चर्र असा बारीक आवाज येतो. आज आला नाही."

"तुम्हाला कळलं होतं? आणि गप्प बसलात? प्रोसेसर जळला असता तर?"

"तो स्वतःला आवरतो, तुम्हीच सांगितलंत. मलाच आवरलं नाही... कॉम्प्युटर आज घरी आला असता, तर उद्या मी कुठल्या तोंडानं इथे येणार होतो?"

मामाला अचानक मागच्या खोलीतलं काम आठवलं.

तिला खरं तर चिडायचं होतं. पण इतके दिवस कुणीतरी आपल्या हातांचा आवाज ऐकत होतं, जपत होतं, या विचारानं तिचा जीव नुसता भरून आला.

"माझं लक्ष कुठे होतं, ते नाही विचारलंत."

"कुठे होतं?"

"समोर." तिनं कूलर त्याच्यापुढे धरला. "घ्या. तुम्हीच ओढा."

चर्र...

तिनं नवी पेस्ट लावली, कूलर बसवला. पुन्हा समुद्र आला. यावेळी फक्त पाणी वाजत होतं, दुसरं काही नाही.

"झालं," तो पडेल आवाजात म्हणाला. "आता हा घरी न्यायचा."

"ने." ती स्क्रीनकडेच बघत पुटपुटली, "आणि उद्या ये. काही बिघडलेलं नसलं तरी."

त्याची मान हळूच एका बाजूला कलली, पहिल्या दिवशीसारखी.

"पुन्हा म्हण ना... नीट ऐकू आलं नाही."

"खोटारडा!" ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली.